जंबलाया : वाद टोमॅटोचा, गोष्ट तांदळाची

टोमॅटोचा डबा ओट्यावर दिसताच शेजारच्या काकांनी तो उचलला आणि काही न बोलता कपाटात परत ठेवला. थोड्या वेळाने माझी मैत्रीण आली. तिने कपाट उघडलं आणि डबा पुन्हा बाहेर काढला. अमेरिकेतल्या दक्षिण लुइझियानात जंबलाया करायचं ठरवलं की एवढं होणारच, आणि मी दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं ते त्यासाठीच. दोन्ही तऱ्हांचा जंबलाया आपापल्या माणसांच्या हातून, एकाच ओट्यावर, शेजारीशेजारी शिजताना मला पाहायचा होता. आणि त्यात काय ‘खरं’ आणि काय ‘उपरं’ याबद्दल दोघांचंही म्हणणं मला नीट ऐकून घ्यायचं होतं.

ज्यांनी हा पदार्थ खाल्ला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. जंबलाया म्हणजे एकाच भांड्यात मांस, कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी परतून, त्यात पाणी घालून, त्याच पाण्यात कच्चे तांदूळ शिजवून केलेला भात. इथल्या गम्बो किंवा एतुफे या दाट रश्श्यांसाठी भात वेगळा शिजतो आणि वरून रस्सा पडतो. जंबलायात तांदूळ तो रस्सा पिऊन टाकतो, खाली काही उरत नाही. न्यू ऑर्लिन्सकडे तो लाल असतो, टोमॅटोमुळे. त्याला क्रिओल म्हणतात. शहर सोडून आत, नदीकाठच्या आणि पाणथळ भागातल्या गावांत गेलं की तो तपकिरी होतो, टोमॅटो नाहीसा होतो. तो केजन. पाहुण्याला एवढं सांगून लोक थांबतात. खरा वाद त्याच्यापुढे सुरू होतो.

काका गोन्झालेसचे. बॅटन रूजहून न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागणारं हे गाव स्वतःला ‘जंबलायाची जागतिक राजधानी’ म्हणवतं आणि १९६८ पासून तिथे जंबलायाचा उत्सव भरतो. स्पर्धेत लाकडाचा जाळ आणि बिडाची मोठाली भांडी असतात. माणसं भल्या पहाटेपासून हातात वल्ह्याएवढे कालथे घेऊन उभी असतात. काका कधी जिंकलेले नाहीत, पण चर्चच्या आणि शाळेच्या निधीसाठी त्यांनी आयुष्यभर शेकडो माणसांचा जंबलाया शिजवला आहे. इथे शाळेच्या बँडला गणवेश हवेत, कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं, की लोक जंबलायाची ताटं विकतात: भात, त्यावर पांढऱ्या घेवड्याच्या बियांची आमटी, बाजूला पाव. गावजेवणाचा आचारी असतो तसे काका आहेत आणि ते काम ते तितक्याच गांभीर्याने करतात. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला ‘मॅम’ म्हणतात, आणि घरी आमच्या बोलण्यात ते पहिल्यापासून काकाच आहेत.

मैत्रीण न्यू ऑर्लिन्सच्या सेव्हन्थ वॉर्डातली, जुन्या कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे वसाहतकाळापासून इथे रुजलेल्या, घराण्यातली. तिचा जंबलाया आजीचा: लाल, कोळंबीचा, हॅम घातलेला. तिच्या मते टोमॅटो नसलेला जंबलाया हा चांगला मांसभात असतो, जंबलाया नव्हे.

आधी काकांचं भांडं चढलं. आमच्याकडे सात लिटरचं बिडाचं पातेलं आहे, तळ जाड, झाकण जड. ते मध्यम आचेवर नीट तापू दिलं. तेल अगदी थोडं, कारण पुढे डुकराच्या मांसाची चरबी सुटणारच. मग डुकराच्या खांद्याच्या मांसाचे इंचभराचे तुकडे, सुमारे पाऊण किलो, कागदाने टिपून कोरडे केलेले. टिपण्यावर काकांचा कटाक्ष होता. मांस ओलं असेल तर आधी त्यातलं पाणी उडेपर्यंत ते नुसतं उकडतं, रंग धरतच नाही. तुकडेही एकदम ओतले नाहीत. तळ दिसत राहील इतकेच टाकले, आणि मग काकांनी माझ्या हातातला कालथा काढून घेऊन बाजूला ठेवला. हलवायचं नाही. मांसाची एक बाजू तळाला पूर्ण चिकटू द्यायची. ती खरपूस झाली की स्वतःहून सुटते.

इथून पुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. तुकडे उलटले, दुसरी बाजू धरली, आणि तळावर एक तपकिरी थर जमू लागला. आपण ज्याला खरवड म्हणतो आणि घासताना वैतागतो, तो थर हाच या भाताचा सगळा रंग आणि अर्धी चव. काकांनी वाटीतून पाण्याचा एक हबका मारला, तळ सुर्रकन आवाज करत सुटला, तपकिरी रस मांसाला माखला. पाणी आटलं, पुन्हा तळाला धरू दिलं, पुन्हा हबका. असं कितीदा तरी. दर वेळी रंग एक छटा गडद. वास आधी नुसत्या तळणीचा होता, मग भाजलेल्या बदामासारखा झाला, आणि शेवटी त्यात कडवटपणाची अगदी पुसट कड आली. त्या क्षणी काका म्हणाले, “आता सॉसेज.” डोळ्यांनी रंग बघण्याआधी त्यांनी नाकाने ठरवलं होतं. इथे काही घरांत तेलात चमचाभर साखर जाळून रंग आणतात, आणि बाजारात बाटलीतला तयार तपकिरी रंगही मिळतो. काकांना दोन्ही मान्य नाही. रंग मांसातून यायला हवा, नाहीतर भात दिसायला तपकिरी आणि चवीला पांढरा लागतो, असं ते म्हणतात. मला ते शंभर टक्के पटलं.

सॉसेज म्हणजे आंदुई. फ्रान्समधली आंदुई आतड्यांची असते, लुइझियानातली मात्र डुकराच्या खांद्याच्या मोठ्या तुकड्यांची, लसूण-मिऱ्याची, पिकॅनच्या लाकडावर तासन् तास धुरी दिलेली. तिच्यासाठी लोक लाप्लास गावाला जातात. अठराव्या शतकात तिथे जर्मन वसाहतवाले आले, त्यांच्या हातचं मांस खारवण्याचं आणि धुरावण्याचं कसब या भागात रुजलं. अर्धा किलोच्या चकत्या मांसातच परतल्या, त्यांची लालसर चरबी सुटली. मग कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे तुकडे, किलोभर. कोंबडी लवकर होते म्हणून ती सगळ्यांत शेवटी. सगळं मांस बाहेर काढून ठेवलं आणि त्याच तळावर कांदा पडला.

कांदा किती? काकांचा हिशेब सरळ आहे: जेवढ्या वजनाचे तांदूळ, तेवढ्याच वजनाचा कांदा. आमचे तांदूळ चार कप, म्हणजे पाऊण किलो, म्हणून कांदाही पाऊण किलो, बारीक चिरलेला. तो आपल्या बिरयाणीच्या कांद्यासारखा कुरकुरीत तळायचा नाही. पाण्याचे हबके मारत, तळ सोडवत, इतका परतायचा की त्याचा आकार हरवतो आणि गडद गुळाच्या रंगाचा लगदा उरतो. अर्धा तास सहज जातो. त्यानंतर एक ढोबळी मिरची आणि लसूण.

सेलरीच्या दोन काड्या मी चिरून ठेवल्या होत्या. काकांनी त्या तशाच राहू दिल्या. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तिघांना आज सगळं लुइझियाना ‘होली ट्रिनिटी’ म्हणतं, जणू बायबलमध्येच लिहिलंय. काकांच्या आईच्या भांड्यात मात्र सेलरी कधी पडली नाही, कारण त्यांच्या गावात ती कुणी लावत नसे. मैत्रीण म्हणाली, सेलरीशिवाय तळाला गोडवा येतो पण ताजेपणा येत नाही. इथे मला मैत्रिणीचं म्हणणं पटलं, कारण कांद्याचा तो गडद गोडवा सेलरीच्या हिरव्या वासाने तुटतो आणि चव मोकळी होते. पण भांडं काकांचं होतं. सेलरी मैत्रिणीच्या पातेल्यात गेली.

मांस परत आत गेलं आणि आठ कप पाण्याचं आधण झालं. मीठ, काळी मिरी, लाल तिखट, तमालपत्र. मग काकांनी चमच्याने पाणी चाखायला दिलं. खारट लागलं, थोडं जास्तच. असंच हवं, कारण आता कच्चे तांदूळ यातलं मीठ ओढून घेणार. पाणी चवीला बरोबर लागलं तर भात अळणी होतो, आणि शिजल्यावर वरून घातलेलं मीठ शितात शिरत नाही. साखरभाताच्या पाकाची जशी वेळ असते तशी ही मिठाची वेळ असते, तांदूळ पडण्याआधीची, आणि ती एकदा गेली की गेली.

तेवढ्यात नवरा आत डोकावला. “अगं, बासमती घाल ना, डबा भरलेला आहे.” तो काय म्हणाला ते काकांनी विचारलं, म्हणून मी भाषांतर केलं. काकांनी बासमतीचे चार दाणे हातावर घेऊन पाहिले, वास घेतला, छान आहे म्हणाले, आणि आपल्या पिशवीतून स्वतःचे तांदूळ काढले. लांब दाण्याचे, किंचित पिवळसर, काचेसारखे. पाहताक्षणी मी ओळखले: हे उकडे! मी मूळची म्हापशाची. उकड्या तांदळाची पेज आणि भात खाऊनच आमच्या घरातली सगळी लहानाची मोठी झाली. गोव्याचा उकडा जाड, आखूड, लालसर, आणि हा अमेरिकेचा सडपातळ, पण करणी एकच: भात सालीसकट भिजवायचा, वाफवायचा, वाळवायचा, मग सडायचा. त्या वाफेने दाण्यातला पिष्ट आतल्या आत शिजून घट्ट बसतो आणि पुढे पातेल्यात दाणा फुटत नाही, चिकटत नाही. मोठ्या भांड्यात पाच-पंचवीस किलो भात कालथ्याने उलटवायचा असेल तर असाच तांदूळ टिकतो. बासमतीची लांब शितं त्या उलटापालटीत तुटतात, आणि तिचा सुवासही इथे मांसाच्या आणि धुराच्या आड येतो. लुइझियानात नैऋत्येकडच्या माळावर, क्राउलीच्या आसपास, तांदळाचं मोठं पीक येतं. क्राउलीत १९३७ पासून तांदळाचा उत्सव होतो. म्हणजे काकांचे तांदूळ इथल्याच मातीतले.

तांदूळ पडले, मोठी आच, एक उकळी. पाणी आटत तांदळाच्या पातळीला आलं आणि फुगलेले दाणे वर दिसू लागले की आच अगदी मंद केली आणि झाकण घातलं. अधेमधे झाकण उघडायचं नाही. फक्त दहा मिनिटांनी एकदाच, आणि तेव्हा भात ढवळायचा नाही, तर कालथा कडेने तळापर्यंत घालून खालचा भात वर आणायचा, चारही बाजूंनी एकेकदा. इथे याला भात ‘रोल’ करणं म्हणतात. वरचे दाणे खाली जातात, खालचा रस वर येतो. ढवळलं तर पिष्ट सुटून भात गिच्च होतो. मग पुन्हा झाकण, पंधरा मिनिटं, आच बंद करून आणखी दहा. शेवटी पातीचा कांदा आणि पार्सली.

वाफ धरत होती तेवढ्या वेळात मैत्रिणीचं पातेलं दुसऱ्या चुलीवर आलं. तिची पद्धत वेगळी, हलकी, भराभर होणारी. कोळंबीची डोकी आणि सालं तिने आधीच वीस मिनिटं उकळून पाणी गाळून ठेवलं होतं. हॅम आणि सॉसेज थोडं परतलं, त्यातच तिन्ही भाज्या घातल्या, पण कांदा नुसता पारदर्शक होईपर्यंत. थाइम, तमालपत्र, तिखट. मग डब्यातले टोमॅटो हाताने कुस्करून, रसासकट, आणि तो रस ती पाण्याच्या मापात धरते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण लाल जंबलाया चिखल होतो तो बहुतेक वेळा इथेच. मग कोळंबीचं पाणी आणि साधे लांब दाण्याचे तांदूळ. कोळंबी मात्र अगदी शेवटी, भात होत आला की वर पसरायची आणि वाफेवर गुलाबी होऊ द्यायची. आपल्याकडे सीकेपी घरांतल्या कोलंबीच्या खिचडीत कोलंबी आधी परतून भाताबरोबर शिजवतात, आणि ती चव मला प्रिय आहे, पण ही कोळंबी दाताखाली जशी टचकन तुटली तशी त्यात नसते.

आता वाद. झाकणं लागली होती, हात मोकळे होते.

काकांचं म्हणणं असं. त्यांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातले फ्रेंच शेतकरी. ‘केजन’ हा शब्द त्या ‘अकेडियन’वरूनच आला. इंग्रजांनी १७५५ मध्ये त्यांना तिथून हाकललं आणि दहा वर्षांनी त्यांतले काही लुइझियानात पोचले. ते शहराबाहेर, पाणथळीत आणि माळावर राहिले. हिवाळ्यात गावाने मिळून डुक्कर कापायचं, मांस वाटून घ्यायचं, खारवायचं. भांडं एक, मांस आणि तांदूळ घरचे. टोमॅटो उन्हाळ्याचं पीक, त्याची आणि डुक्कर कापण्याच्या दिवसांची गाठच पडत नाही. त्यांच्या मते टोमॅटो ही शहरातली फॅशन.

मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि मग शेफ पॉल प्रुडॉमचं नाव काढलं. प्रुडॉम ऑपेलूसासचा, अस्सल केजन शेतकऱ्याचा मुलगा. १९७९ मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये रेस्तराँ काढलं आणि केजन स्वयंपाक साऱ्या अमेरिकेला माहीत करून दिला. त्याच्या जंबलायात टोमॅटो होता. काका म्हणाले, तो शहरात जाऊन बसला ना!

मग माझ्याकडेही एक दाखला होता. अमेरिकेत जंबलायाची कृती छापली गेली त्यातली एक फार जुनी कृती १८७८ ची आहे, आणि ती लुइझियानातलीही नाही. शेजारच्या अलाबामात मोबाइल नावाचं बंदर आहे, तिथल्या एका चर्चच्या स्त्रियांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात ती आली. चरबीत थोडं पीठ तांबूस करायचं, त्यात कांदा, कोंबडीची मान, पंख आणि पाय, अर्धा कप टोमॅटो, दोन डझन कालवं त्यांच्या पाण्यासकट, आणि तांदूळ. म्हणजे लाल, आणि वर कालवं! पीठ भाजणं हे आज गम्बोचं काम मानतात, जंबलायात कुणी ते घालत नाही. तेव्हा छापील पुरावा पाहिला तर काकांचा ‘टोमॅटो उपरा’ हा मुद्दा टिकत नाही. पण मैत्रिणीचा ‘टोमॅटोशिवाय जंबलाया नाही’ हाही टिकत नाही, कारण गावातल्या बायकांनी हिवाळ्यात काय शिजवलं ते चर्चच्या पुस्तकात छापायला कुणी गेलं नव्हतं. छापलं गेलं ते बंदरातलं, बाजार जवळ असलेल्या घरांतलं.

मैत्रीण म्हणाली, लोक इथे पोचतात आणि मग स्पॅनिश लोकांची गोष्ट सांगायला लागतात. ही गोष्ट लुइझियानात फार ऐकू येते: १७६३ नंतर इथे स्पेनचं राज्य आलं, स्पॅनिश लोकांना पाएया हा त्यांचा केशर घातलेला भात करायचा होता, केशर मिळेना, म्हणून त्यांनी टोमॅटोने रंग आणला आणि जंबलाया झाला. मला ही गोष्ट कधीच पटलेली नाही. एक तर पाएया ज्या रूपात आपण आज ओळखतो तो स्पेनमधल्या वालेन्सियाचा, एकोणिसाव्या शतकातला. दुसरं म्हणजे इथे जे स्पॅनिश रहिवासी वसवले गेले त्यांतले बरेचसे कॅनरी बेटांवरचे होते, वालेन्सियाचे नव्हेत. आणि तिसरं, जे मैत्रिणीने त्या दिवशी विचारलं आणि ज्याला काकांकडेही उत्तर नव्हतं: “आपण इतका वेळ टोमॅटोवर भांडतोय. तांदूळ कुणी आणला?”

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

१७१९ मध्ये आफ्रिकेतून लुइझियानात गुलाम घेऊन येणाऱ्या पहिल्या जहाजांच्या कप्तानांना आदेश होता की बियाण्यासाठी तांदळाची काही पिंपं घ्या, आणि भातशेती ज्यांना येते अशी माणसंही घ्या. फ्रेंच वसाहतवाल्यांना या दलदलीत भात पिकवता येत नव्हता, आफ्रिकेतल्या लोकांना येत होता. फ्रेंच काळात इथे आणलेल्या आफ्रिकन माणसांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश सेनेगांबियाच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल-गांबियाच्या, पट्ट्यातले होते. पश्चिम आफ्रिकेत तांदूळ परका नव्हता. नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात लोकांनी आपल्या भातापासून वेगळी जात, ओरायझा ग्लाबेरिमा, हजारो वर्षांपूर्वी स्वतः माणसाळवली होती. पुराचं पाणी शेतात कधी घ्यायचं, कधी सोडायचं, बांध कसा घालायचा, भात कांडायचा कसा, पाखडायचा कसा हे सगळं त्यांच्या हातात होतं. आणि मग शिजवायचा कसा तेही. तेलात कांदा, मांस किंवा मासा परतायचा, पाणी घालायचं, त्याच पाण्यात तांदूळ सोडायचे आणि ते सगळं पिईपर्यंत झाकून ठेवायचे: पश्चिम आफ्रिकेतला जोलोफ असाच होतो. पद्धत तीच, भांडं एकच.

मी नदीकाठच्या रस्त्यावर, वॉलेस गावी, व्हिटनी प्लांटेशन पाहून आले आहे. २०१४ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, आणि ते मालकांच्या हवेलीचं नाही, गुलामगिरीत राबलेल्या माणसांचं आहे. तिथे काळ्या दगडांच्या भिंतींमध्ये लुइझियानातल्या १,०७,००० गुलामांची नावं कोरली आहेत. बहुतेकांचं आडनाव नाही, कित्येकांपुढे जमात किंवा मूळ प्रदेश लिहिलाय. मी तिथे बराच वेळ वाचत उभी राहिले होते. ज्या चुलींवर क्रिओल स्वयंपाक घडला त्या चुलींपाशी यांतल्याच बायका होत्या. पुस्तकं मात्र त्यांच्या मालकिणींनी छापली. म्हणून मला टोमॅटोचा वाद कितीही आवडला तरी त्यात काहीतरी खुपतं. लाल विरुद्ध तपकिरी, क्रिओल विरुद्ध केजन, फ्रेंच विरुद्ध स्पॅनिश असा वाद मांडला की भांडण सगळं वरच्या रंगाचं होतं, आणि ज्यांच्याशिवाय पातेल्यात तांदूळच पडला नसता त्यांची नावं त्यात येतच नाहीत. पारंपरिक काय हे विचारायचंच असेल तर माझं उत्तर ठाम आहे: कच्चा तांदूळ, तोही मांसाच्या रसात, झाकणाखाली शिजलेला. बाकी कोळंबी, आंदुई, हॅम, सेलरी, टोमॅटो हे त्या त्या गावचं, त्या त्या ऋतूचं.

काकांनी हे शांतपणे ऐकलं. ते म्हणाले की त्यांच्या वडिलांना मोठ्या भांड्यात भात करायला एका कृष्णवर्णीय आचाऱ्याने शिकवलं होतं, उसाच्या मळ्यावरच्या. हे ते पूर्वी कधी बोलले नव्हते. मैत्रिणीने त्याचं नाव विचारलं. त्यांना पहिलं नाव आठवलं, आडनाव नाही.

जेवायला बसलो. तपकिरी जंबलाया उघडला तेव्हा शितं मोकळी, प्रत्येक दाणा रंगलेला, मांस धाग्याधाग्याने सुटलेलं. चव खोल, धुराची, तिखट मागाहून येणारं. लाल जंबलाया हलका, आंबूस, कोळंबीचा गोडवा वर. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मला तपकिरीच हवासा वाटला, कारण शिळा झाल्यावर तो आणखी मुरतो, आणि लाल तसा मुरत नाही. मैत्रिणीने मात्र काकांच्या भांड्यातली तळाची खरवड दोनदा मागून घेतली.

तिकडे भारतात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आंदुई मिळत नाही म्हणून लगेच गोव्याच्या चोरीसकडे वळावंसं वाटतं. गेल्या सुट्टीत मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीसची माळ आणून करून पाहिलं. भात उत्तम झाला, पण तो जंबलाया नव्हे. चोरीसमधला व्हिनेगर आणि लाल मिरची भाताला आंबट-तिखट दिशेने ओढून नेतात आणि शेवटी होतो तो आपला चोरीस पुलाव, जो गोव्यात घरोघरी होतोच आणि ज्याला दुसऱ्या कुणाचं नाव द्यायची गरज नाही. जंबलायाच करायचा असेल तर धुरावलेलं कुठलंही साधं सॉसेज घ्या, नसेल तर नुसत्या कोंबडीच्या मांडीवर करा, आणि सगळा जीव तळाच्या खरवडीत आणि कांद्यात ओता. तांदूळ उकडा चालेल, पण गोव्याचा जाड उकडा घेतलात तर पाणी आणि वेळ दोन्ही बरंच वाढवावं लागेल. कोलम चालतो, फक्त पाणी थोडं कमी आणि उलटणं हलक्या हाताने. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि गरम करताना पाण्याचा हबका मारा.

आता आम्ही तिघांनी सेनेगलचा चेबू जेन करायचं ठरवलं आहे. मासा, टोमॅटो, भाज्या आणि त्याच रसात शिजलेला भात. सेंट-लुईच्या कोळीवाड्यांतला पदार्थ, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्याला अख्खा तांदूळ चालत नाही, कणी लागते, आणि ती इथल्या आशियाई दुकानात मिळाली. भांडं मी देणार आहे, बिडाचं नसलं तरी जाड बुडाचं असं मोठं. मैत्रिणीला सेनेगलात वापरतात त्या जातीचा मासा हवा, म्हणजे आपला हेकरू. काका म्हणतात की मेक्सिकोच्या आखातातली ताजी तांबोशी समोर असताना दुसरं काही घेणं बरोबर नाही. टोमॅटोबद्दल या वेळी ते काहीच बोललेले नाहीत.